उलटी टांगलेली पत्रं

आनंदीबाईंचे यजमान विश्राम बोटीवर खलाशी होते. कुठकुठल्या बंदरांतून वर्षानुवर्षं ते बायकोला पत्रं लिहीत राहिले. ते गेल्यावर आनंदीबाईंनी सगळी पत्रं ट्रंकेत घातली, ती पुन्हा बाहेर काढली नाहीत. ‘यंदा आंब्याला नक्की येतो’ हे आता वाचायचं कसं?

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीआधी चित्रकलेचे भिकाजी मास्तर भाट्याला त्यांच्या घरी आले. रत्नागिरीला शाळेत हस्ताक्षरांचं प्रदर्शन भरवायचं त्यांच्या मनात होतं.

“विश्रामरावांनी मला एकदा पत्र पाठवलं होतं. काय सुरेख अक्षर! तुमच्याकडची थोडी द्या, सांभाळून परत आणतो.”

“छे हो मास्तर! नवराबायकोचं बोलणं ते. चव्हाट्यावर मांडू?”

मास्तर म्हणाले, “उलटी टांगतो. वाचता कोणाला यायचं नाही, अक्षर तेवढं बघतील.”

आनंदीबाईंना हसूच फुटलं. चहा होईपर्यंत त्या कबूल झाल्या.

प्रदर्शनाला त्या बिचकतच गेल्या. भिंतीवर पत्रं होती. शिरोरेषा खाली आली होती आणि अक्षरं तिच्यावर उभी होती, बांधावर माड उभे असावेत तशी. एका पत्रात तर रेघच वरखाली हेलकावत होती.

“बोट हलत होती वाटतं,” शेजारी उभी असलेली एक म्हातारी म्हणाली. “आणि ह्या कागदावर बघा, माणूस खुशीत होता. अक्षरं कशी बागडतायत!”

आनंदीबाईंनी मान वाकडी करून तारीख पाहिली. लेक झाल्याची तार मिळाल्यावरचं पत्र होतं ते.

मग त्या एकेका पत्रापाशी थांबत गेल्या. शब्द लागत नव्हते, म्हणून काळजात कळ उठत नव्हती. दिसत होता तो नुसता हात. कधी घाईतला, कधी दमलेला. पण मजकूर कितीही धावता असो, तीन अक्षरं दर वेळी सावकाश, गोल, वळण पुरं करून काढलेली होती. ते नाव होतं ‘आनंदी’.

“मास्तर...” त्यांनी हाक मारली, आणि त्या नावावर बोट ठेवलं.

“काही चुकलं का?”

“नाय हो. इतकी वर्षं मी मजकूरच वाचला. हे तुमच्यामुळं दिसलं. उपकार झाले तुमचे.”

“उपकार कसले! अक्षर त्यांचं, भिंत शाळेची,” मास्तर ओशाळून म्हणाले.

पत्रं घरी आली त्या दुपारी आनंदीबाई पडवीत बसून ती पहिल्यापासून वाचू लागल्या. रडल्या, मध्येच हसल्याही. मग त्यांनी लेकीला हाक मारली, “ये, बस इथं. तुझे बाबा काय काय लिहायचे ते ऐक.”