सात नंबर

ओरिनने दुसरी पट्टी प्रेसमध्ये सरकवली आणि पेडलवर पाय दाबला. दोन बोटं रुंदीचं ते पोलाद बरोबर वेल्डिंगच्या सांध्यावर वाकत गेलं आणि घोड्याच्या नालासारखं होऊन बाहेर आलं. पहिली पट्टी तशीच वाकून टेबलावर पडली होती. मार्लिस कोटाच्या खिशात हात घालून उभी होती. गेले काही आठवडे तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. आताही वाटत नव्हतं.

हरणांच्या शिकारीचा मोसम उद्यापासून सुरू होणार, म्हणून रंगकामाची चौघं दुपारीच रायफली गाडीत टाकून पसार झाली होती. विस्कॉन्सिनमध्ये त्या शुक्रवारी कुणाला अडवायची कुणाची छाती नसते. कारखान्यात दोघंच उरली होती.

मार्लिसच्या वडिलांनी, हॅर्लनने, सुरू केलेला हा कारखाना. गुरांना चारा घालायची मोठी लोखंडी कडी इथे बनतात. वेल्डर एके काळी पाच होते. आता एकटा ओरिन, वय चौसष्ट, मान उजवीकडे वळत नाही. जाहिराती देऊन झाल्या होत्या, आलेला कुणी टिकला नव्हता. ओ क्लेअर शहरातला एक कारखाना सगळं वेल्डिंग करून द्यायला तयार होता आणि त्यांना आज चारपर्यंत उत्तर हवं होतं. काम बाहेर दिलं तर ओरिनला घरी बसवावं लागणार. नाही दिलं तर वसंतातली कडी वेळेत निघणार नाहीत, आणि शेतकरी दुसऱ्याकडे जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मरण्याआधी हॅर्लन तिला एवढंच म्हणाला होता, की ओरिनला कधी काढू नकोस. तेवढ्यासाठी तिने वर्षभर टोलवाटोलवी केली. शेवटी तिने ओरिनलाच मध्ये घातलं. एक पट्टी ओ क्लेअरवाल्यांनी पाठवलेल्या नमुन्यातली, एक ओरिनच्या हातची. त्यानेच कापायच्या, त्यानेच घासायच्या, वाकवून कुणाचा सांधा फाटतो ते बघायचं, खूण मात्र करायची नाही. आधी ती निवडणार, मग तो सांगणार कुठली कुणाची. ओरिन खोटं बोलत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

खूण करू नको, हे त्याला बजावून सांगावं लागलं होतं. इथे वेल्डर काम सुरू करण्याआधी सांध्याशेजारी आपला नंबर ठोकतो, म्हणजे उद्या सांधा सुटला तर कुणाचा ते कळतं. ओरिनचा नंबर सात. चर्चच्या कठड्यावर सात होता. डुलुथला त्याच्या मुलीच्या टपालपेटीच्या खांबावरही होता. त्या मुलीने चार वर्षांपासून बापासाठी खोली तयार ठेवली होती आणि तो दर हिवाळ्यात म्हणायचा, येत्या वसंतात जातो.

ओरिनने भिंग पुढे केलं. दुसऱ्या पट्टीवर मोहरीएवढी खाच उघडली होती. तेवढी नियमात बसते, त्याने सांगितलं, दोन्ही पास. पहिलीवर काहीच नव्हतं.

"मग? कुठली बरी?"

मार्लिसने पहिलीवर बोट ठेवलं. ओरिनने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसला.

"ती त्यांची."

"नक्की?"

"अगं, एकतीस वर्षं जोडतोय. माझं मला कळायचं नाही?"

ती काही वाटायची वाट बघत राहिली. काही आलं नाही.

"देऊन टाक काम," तो म्हणाला. "हॅर्लनला शब्द दिला होता मी, इथे ठिणगी उडतेय तोवर पोरीला सोडून जाणार नाही. ठिणगीच राहिली नाही, तर शब्द कसला?"

हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिच्या बापाने दोघांकडून वेगवेगळा शब्द घेतला होता आणि एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नव्हतं. ओरिन मोरीकडे हात धुवायला गेला. पाण्याचा आवाज सुरू झाला.

मार्लिसने पहिली पट्टी उचलली. अजून कोमट होती. बाहेरून ती आरशासारखी घासलेली होती. तिने ती उजेडाकडे वळवली, आणि वाकलेल्या भागाच्या आतल्या अंगाला, जिथे घासायचं यंत्र नीट फिरलं नव्हतं, तिथे अर्धवट पुसलेला आकडा दिसला. सात. हाताने सवयीने ठोकला असणार. त्याला आठवलंही नसेल.

छातीत काहीतरी जोरात दुखलं. इतक्या दिवसांनी दुखलं, म्हणून ती क्षणभर तशीच उभी राहिली. आपण त्याला सांभाळतोय असं तिला वाटत होतं. तो हिवाळ्यामागून हिवाळे तिला सांभाळत इथे थांबला होता, आणि डुलुथची ती खोली रिकामीच राहिली होती.

पाणी बंद झालं. तिने पट्टी कोटाच्या खिशात टाकली आणि फोन लावला. ओरिन हात पुसत येऊन शेजारी उभा राहिला.

"हो, मार्लिस बोलतेय," ती म्हणाली. "दोन्ही तपासल्या आम्ही. तुमची पट्टी जास्त साफ निघाली."