वरच्या बागेची वाईन

त्या वर्षी काल्चाकीच्या खोऱ्यात उन्हाळा आलाच नाही म्हटलं तरी चालेल. फुलोऱ्यावर दहिवर गोठलं, मग ढग हटेनात. ईस्टर उलटला, इकडे दक्षिणेत शरद सरत आला, तेव्हा कुठे निकांद्रोने वरच्या बागेतली द्राक्षं उतरवली. मणी बारीक, साली जाड, आणि रस बर्फासारखा गार. कोठीतल्या सिमेंटच्या उघड्या टाकीत तो सालींसकट नुसताच पडून राहिला. एक बुडबुडा येईना.

"खालच्या बागेचा रस बघ कसा फसफसतोय," त्याची थोरली बहीण एलोइसा म्हणाली. "त्यातला बादलीभर ओत यात. विरजण लागेल."

"आणि साल्ता शहरातून वाईन घ्यायला येतात त्या बाईंना काय सांगू? एकाच बागेची म्हणून त्या घेणार. बादली ओतली की झाली भेसळ."

"बादलीभराने कुणाला कळतंय!"

"मला कळतं ना, ताई."

"तुला काय, दगडाचीसुद्धा चव कळते."

शेवटी ऊब द्यायचं ठरलं. कोठीच्या खिडक्यांवर एलोइसाने घोंगड्या धरल्या, त्याने खिळे ठोकले. दाराखालच्या फटीत पोती कोंबली.

तिसऱ्या दिवशी सकाळी रस जागा झाला होता. टाकी गुरगुरत होती, सालींचा थर फुगून काठाला आला होता.

"बघितलंस? म्हटलं नव्हतं!" निकांद्रो अंगणात ओरडला आणि थर दाबायचा दांडा घेऊन आत गेला.

एलोइसा एम्पानादांच्या करंज्यांत सारण भरत होती. दांड्याची धपधप ऐकू येत होती. मग आवाज थांबला.

"दमलास का रे, म्हाताऱ्या?"

ती हात पुसत उठली.

दारात पाऊल टाकताच तिच्या नाकाला असं झोंबलं की डोळ्यांतून पाणी आलं. निकांद्रो टाकीच्या पायथ्याशी जमिनीवर पालथा पडला होता. आंबत्या रसातून सुटणारी हवा जमिनीलगत साचते, तिच्यात माणूस गुदमरतो, हे खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. या दोघांनाही ठाऊक होतं. ऊब कोंडायच्या नादात एकालाही आठवलं नव्हतं.

ती बाहेर आली, छाती भरून श्वास घेतला, आत धावली आणि त्याचे पाय ओढले. एक बूटच हातात आला. तो तसाच हातात घेऊन ती बाहेर पळाली, पुन्हा श्वास घेतला, पुन्हा आत. दुसऱ्या खेपेला तो उंबऱ्याबाहेर आला. चेहरा राखेसारखा. तिने त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या, तोंडाला तोंड लावून श्वास फुंकला, पुन्हा बुक्क्या.

तो खोकला.

"दाबून... व्हायचंय अजून," तो पुटपुटला.

तिने त्याच्या थोबाडीत मारली. मग आपल्याच हाताकडे पाहत ती मातीत बसली.

घोंगड्या उतरल्या, थंडी आत शिरली. रोज रोज टाकीपाशी जायला ती त्याला देईना, म्हणून साली लवकरच पिळून काढल्या. वाईन फिकी, हलकी, आंबटसर झाली.

वसंतात साल्ताच्या बाई आल्या. "इतकी नाजूक! यंदा काय केलंत?"

"वर्षच थंड होतं. साली लवकर काढल्या," निकांद्रो म्हणाला. खोटं काहीच नव्हतं.

एलोइसाने पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. बाईंनी सगळी पिंपं घेतली.

पुढच्या हंगामाआधी निकांद्रोने भिंतीत जमिनीलगत मोठी भोकं पाडली, त्यांतून वारा खेळता आहे हे तिला दिवा धरून दाखवलं. तिने उंबऱ्याबाहेरूनच पाहिलं.