घोड्याचा केस

महेश्वरी बत्ताशीला विंचरत होती, तेव्हा तिच्या बोटाला गाठ लागली. बत्ताशी म्हणजे तिचं पांढरं गिनीपिग. येरमाळ्यात महेश्वरीचं शिवणकामाचं दुकान होतं आणि मशीनशेजारच्या पिंजऱ्यात बत्ताशी दिवसभर गवत चघळत बसायची, कोथिंबिरीचा वास आला की शीळ घालायची. पाठीच्या शेवटाला, जिथं इतर जनावरांना शेपूट असतं, तिथं हरभऱ्याएवढी गाठ होती. कानामागं बारीक कण्यांसारखे दोन फोडही होते. महेश्वरीनं केस सारून पाहिले, गाठ हलकेच हलवली. ती कातडीसोबत सरकली. बत्ताशी खातच राहिली.

तालुक्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टरांनी टोपलीत नुसतं डोकावलं. म्हशी-बैलांना वेळ पुरत नाही, उंदराचं कोण बघतं, असं म्हणून ते हसले. हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्याच दिवशी महेश्वरी टोपली घेऊन सोलापूरच्या एसटीत बसली. तुळजापूर मागं पडलं तरी तिचे कान तापलेलेच होते.

सोलापुरात भुवनेश्वरी नावाच्या डॉक्टरीणबाईंनी बत्ताशीला टॉवेलात घेऊन कान, काखा, पोट, पंजे सगळं चाचपलं. गाठीतून बारीक सुईनं नमुना घेतला. केसाच्या मुळाशी होणारी साधी गाठ वाटते, गिनीपिगांत ती पुष्कळदा होते, असं त्या म्हणाल्या. कानामागचे फोड म्हणजे चामखिळी होत्या. गाठ वाढली, रंग बदलला, रक्त आलं तर लगेच आणा. दाबू नका, बांधू नका, काही लावू नका, असं त्यांनी बजावलं.

घरी येऊन महेश्वरीनं हे सगळ्यांना सांगितलं. थोरले दीर रेवणसिद्ध ऐकत होते. चामखिळीला घोड्याचा केस आवळून ती वाळवून पाडण्यात त्यांचा गावभर लौकिक होता. सुईचं ऐकून ते गालात हसले.

त्यानंतर एके दिवशी महेश्वरी बारशाला ढोकीला गेली. परतली तेव्हा बत्ताशी कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. कोथिंबीर तशीच पडलेली. महेश्वरीनं केस सारले. गाठ काळीजांभळी झाली होती, बुडाशी एक केस रुतला होता आणि भोवतालची कातडी त्यात ओढली गेली होती. शिवण उसवायच्या बारीक कात्रीनं तिनं तो कापला. कापताना बत्ताशी किंचाळली.

रेवणसिद्ध ओसरीवर बसले होते. लग्न होऊन आल्यापासून महेश्वरी त्यांच्यापुढं कधी मान वर करून बोलली नव्हती.

"भावजी, केस तुमी बांधला?"

"व्हय. आपोआप गळून पडली असती. तुझा हेलपाटा वाचवला म्या."

"बांधायचं न्हाय म्हणून सांगितलं होतं. तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"अगं, माणसाचं बरं होतंय त्यानं. हिचं काय लई नाजूक?"

"माणूस दुखलं की सोडा म्हणतं. ही कशी म्हणणार? वरडली असंल, धडपडली असंल. तुमी दाबून धरलं आन् गाठ मारली."

आतून तिचा नवरा विरेश म्हणाला, पुरे आता, मोठे आहेत ते. महेश्वरी वळलीसुद्धा नाही.

"मोठे हायेत म्हणूनच इचारते," ती म्हणाली.

रेवणसिद्ध पायात चपला सरकवून बाहेर निघून गेले.

सकाळी पुन्हा सोलापूर. कातडी मरू लागली होती, त्यामुळं भूल देऊन गाठ काढावी लागली. एवढ्याशा जीवाला भूल म्हणजे धोकाच, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. बत्ताशी वाचली, पण खाईना. महेश्वरी तिला मांडीवर घेऊन सुई नसलेल्या पिचकारीनं पातळ खाणं भरवत राहिली. मग नमुन्याचा निकाल आला: साधीच गाठ. नुसतं लक्ष ठेवलं असतं तरी चाललं असतं, सुरी लावायची गरजच नव्हती. ते ऐकून महेश्वरीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिचा राग मात्र नव्यानं पेटला.

विरेश म्हणत राहिला, दादांची माफी माग, घरात अबोला बरा न्हाय. तिनं मागितली नाही.

टाके सुकत आले तेव्हा रेवणसिद्ध दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "भरली का जखम? बघू." आणि त्यांनी हात पुढं केला.

महेश्वरीनं बत्ताशीला मांडीवर घट्ट धरलं आणि पाठीवरचे केस बोटांनी दोन्हीकडं सारले.

"बघा," ती म्हणाली, "पण लांबून."