पेशींना त्यांचं काम करू दे

मेंदूतल्या मूळ पेशींवर मी उभी हयात घालवली आणि पक्षाघात झाला तो मलाच. प्रयोगशाळेतल्या उंदरांनी त्या दिवशी जंगी मेजवानी केली असणार.

डावा हात मांडीवर फुकट्या पाहुण्यासारखा पडून असायचा. तो परत आला नाही, तर सूक्ष्मदर्शकाखालचं माझं काम संपलं. मी पुरता घाबरलो होतो. पण घाबरलेला प्राध्यापक गप्प थोडाच बसतो? तो व्याख्यान देतो.

माझ्याकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला मी ऐकवलं, "मेंदूच्या आतल्या पोकळीपाशी मूळ पेशी असतात. इजा झाली की त्या जाग्या होतात, नव्या पेशी तयार करतात आणि त्या जखमेकडे निघतात."

"पोचतात का, सर?"

"बऱ्याचशा वाटेतच मरतात. आणि हे उंदरांतलं झालं. माणसात कितपत होतं, यावर आमच्यात अजून हमरीतुमरी चालते."

"बरं. आता मूठ मिटा."

"पेशींना त्यांचं काम करू दे," मी म्हणालो आणि उजव्या हाताने चहाचा कप उचलला.

बायको दारातून ऐकत होती. ती मुलगी गेल्यावर बायकोने ओव्हनमधली भांडी काढायचा जाड हातमोजा आणला, माझ्या उजव्या हातात घातला आणि मनगटाशी नाडीने करकचून बांधला.

"हे काय?"

"तू उंदरांचा चांगला पंजा बांधायचास ना? का रे?"

"नाहीतर ते दुखऱ्या पंजाला हातच लावत नाहीत. आळशी होतात."

"मग?"

माझंच संशोधन माझ्या मनगटाशी बांधलं गेलं होतं. उंदरांना कसं वाटत असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता न विचारता कळत होतं.

कित्येक आठवडे मी डाव्या हाताने जेवलो, म्हणजे बहुतेक जेवण शर्टाला भरवलं. एका संध्याकाळी चमचा पुन्हा पडला आणि माझा तोल सुटला. मी तिच्यावर ओरडलो, मग लहान मुलासारखा रडलो. ती चमचा उचलायला वाकली आणि सरळ होता होता अडकली. माझ्या डाव्या बोटांनी तिची बाही घट्ट धरली होती.

"अरे!" ती म्हणाली. "आता सोड बघू."

मी जीव तोडून प्रयत्न केला. पक्षाघातानंतर पकडणं आधी येतं, सोडणं मागाहून, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितलं होतं.

"सुटत नाहीये गं."

"असू दे," ती म्हणाली, माझ्याशेजारी बसली आणि दुसऱ्या हाताने जेवू लागली.