वरच्या गल्लीचं पाणी

सुधाताईंनी बत्तीस वर्षं वर्ध्याच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. प्राध्यापक आले, गेले. काचेची भांडी धुण्यापासून द्रावणं बनवण्यापर्यंतचा कारभार मात्र त्यांच्याच हातात राहिला. निवृत्त होऊन वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेतल्या कॉलनीत घरी बसल्याला आता चार वर्षं झाली होती. त्यामुळे मे महिन्यातल्या एका सकाळी शेजारच्या रुख्माबाई कुकर हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि "पाणी तपासून द्या" म्हणाल्या, तेव्हा सुधाताईंना मनातून बरंच वाटलं.

"पाहा व ताई, सात शिट्ट्या झाल्या. दाणा न् दाणा वेगळा! पोट्ट्यायले काय गोट्या चारू?"

रुख्माबाई कॉलेजच्या चौदा मुलांचे डबे करायच्या.

"डाळ जुनी असेल."

"डाळ तेच हाय. पाणी बदललं. साबणाले फेस नाई, घागरीले पांढरं बसून राह्यलं. हे नदीचं पाणी नाई, मी सांगतो तुमाले."

कॉलनीच्या टाकीत धाम नदीचं शुद्ध केलेलं पाणी यायचं. त्या पाण्याला कधी कोणी नाव ठेवलं नव्हतं. सुधाताईंनी दोन बाटल्या भरल्या आणि ऑटो करून जुन्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथल्या आताच्या प्राध्यापिका त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी टेबल रिकामं करून दिलं.

रंगाचे दोन थेंब टाकल्यावर पाणी वाइनसारखं लाल झालं. नदीचं पाणी असतं तर वरच्या नळीतून द्रावणाचे थोडेच थेंब पडताच ते निळं झालं असतं. इथे थेंबावर थेंब पडत राहिले, तरी लाल काही हटेना. जडपणाचा हिशोब आला पाचशे चाळीस. तीन वर्षांपूर्वी सहज केलेल्या तपासणीत ह्याच नळाचं पाणी एकशे साठ निघालं होतं.

दोन दिवसांत सुधाताईंनी अर्ज लिहिला, आकडे जोडले आणि कॉलनीच्या उतारावरच्या आपल्या खालच्या गल्लीतल्या एकेचाळीस घरांच्या सह्या घेतल्या. पण नमुना कुठून आला ते कळल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही, ही जुनी सवय. म्हणून त्या अर्ज पिशवीत घालून टाकीवर गेल्या. टाकीचे व्हॉल्व्ह सांभाळणारा लहानू सावलीत बसून भाकर खात होता. अर्ज वाचून त्याने हात धुतले.

"तुमची तपासणी खरी हाय, बाई. मीच बोअरचं पाणी टाकीत सोडलं."

"काऊन?"

"नदीचं पाणी कमी येऊन राह्यलं. येते तेवढं तुमच्या खालच्या गल्ल्यायतच संपते. वर चढाले जोरच उरत नाई. वरच्या गल्लीत अकरा दिस थेंब नव्हता. बोअर सोडली, टाकी भरली, तवा कुठं वर पाणी चढलं."

"कोणाला विचारलं होतं?"

"विचारत बसलो असतो तं आणखी अकरा दिस गेले असते."

सुधाताई तिथूनच वरच्या गल्लीकडे चालू लागल्या. इतकी वर्षं त्या कॉलनीत राहत होत्या, पण तो चढ त्यांनी क्वचितच चढला होता. पहिल्याच घरात पौर्णिमा नावाची बाई शिलाई मशीनवर बसली होती. तिने उठून आधी पाणी दिलं. सुधाताईंनी तोंडाला लावलं. चव जड, जिभेवर रेंगाळणारी.

"हे पाणी जड आहे, माहीत आहे ना?"

"जड असो का हलकं, ताई, नळातून तं येते," पौर्णिमा म्हणाली. "त्या अकरा दिसात मी सायकलीवर दोन कॅना लावून हापशीवरून पाणी आणलं. शिवणाचं काम सारं पडून राह्यलं."

घरी आल्यावर सुधाताईंनी पाण्याच्या मानकांचा जुना कागद काढला. जडपणा दोनशेपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर सहाशेपर्यंत चालेल. ही ओळ त्यांना तीस वर्षं पाठ होती. दुसरा स्रोत कोणाला आहे आणि कोणाला नाही, हा विचार मात्र कधी मनात आला नव्हता. बोअर बंद करा, एवढंच त्यांच्या अर्जात होतं. बंद झाली असती, तर खाली वरण शिजलं असतं आणि वर नळ कोरडे पडले असते.

त्यांनी अर्ज फाडला नाही. रविवारी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली, पाणीपुरवठ्याचे साहेब आले, तेव्हा त्यांनी आकडे वाचून दाखवले, आणि मग लहानूने सांगितलेलं आणि पौर्णिमाचे अकरा दिवसही सांगितले. नदीच्या पाण्यात बोअरचं मिसळू नका, म्हणाल्या. एक दिवस खाली सोडा, एक दिवस फक्त वर. बोअरला वेगळा नळ काढा, धुण्याभांड्यासाठी रोज चालेल.

सभेत गलका झाला. रुख्माबाई उभ्या राहिल्या.

"मी तुमाले पाणी तपासाले सांगतलं होतं ताई, वाटाले नाई!"

लहानूने परवानगी घेतली नाही म्हणून साहेबांनी त्याला सर्वांसमोर झापलं. ते ऐकताना सुधाताईंची मान खाली गेली. तो आपल्याशी विश्वासाने बोलला होता. मग त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, त्याची चूक लिहाल, तर ते अकरा दिवसही त्याच कागदावर लिहा." साहेबांनी काही लिहिलं नाही. लहानू कामावर राहिला आणि आठवडाभरात पाळीने पाणी सोडणं सुरू झालं.

वरच्या गल्लीच्या पहिल्या दिवशी सुधाताई बाटली घेऊन गेल्या. दुपारी तपासून परत सांगायला आल्या, "एकशे सत्तर."

"म्हंजे पास का नापास?" पौर्णिमाने विचारलं.

"पास."

पौर्णिमा हसली. तिची सगळी भांडी केव्हाच भरून झाली होती.

सुधाताई घरी आल्या आणि सवयीने नळ सोडला. नळातून नुसती हवा सुसकारली. सकाळपासून उन्हात हिंडलेल्या, पाय धुवायलाही पाणी नाही. त्यांना चक्क राग आला. कोणाचा, ते ठरवता येईना. मग बादली उचलून बोअरच्या नव्या नळावर गेल्या.

रांग मोठी होती. मध्येच रुख्माबाई उभ्या होत्या; बैठकीपासून त्यांनी बोलणं टाकलं होतं. सुधाताईंच्या उन्हाने लाल झालेल्या तोंडाकडे त्यांनी एकदा पाहिलं, पायाने आपली बादली मागे सरकवली आणि पुढे एका बादलीपुरती जागा केली.