परातीजवळची माम्बायची जागा

मित्रांनो, मी एक जुनी तामचिनीची परात आहे. सेनेगलमधल्या डाकारच्या गेय कुटुंबात माझा जन्म गेला. काठाचे टवके उडालेत, तळातली निळी फुलं चमच्यांनी खरवडून फिकी पडलीत, पण मला त्याची लाज वाटत नाही.

न्देलाच्या लग्नात मी या घरी आले. रोज दुपारी माझ्यात मासळीचा लाल भात ओतायचा, सगळ्यांनी चटईवर माझ्याभोवती बसायचं आणि ज्याने त्याने आपल्या पुढ्यातलाच भात खायचा, हा आमचा रिवाज. न्देलाचा धाकटा मुलगा माम्बाय बसगाड्या रंगवायचा. भारी बोलघेवडा! पण ऐन पंचविशीत त्याला दुसऱ्या कुणालाच ऐकू न येणारे आवाज ऐकू येऊ लागले. भातातली मासळी आपल्याविरुद्ध कट करते, असं तो म्हणे. मग तो जेवायलाच येईना. त्याच्या पुढ्यातला भात तसाच राही आणि मला तेवढाच जड वाटे.

शेवटी त्याला इस्पितळात नेलं. तिथे रुग्णासोबत घरचं माणूस राहतं आणि तिथेच रांधतं. न्देला गेली, म्हणजे मीही गेले.

डॉक्टरीणबाईंचं नाव सोखना सेक. गेय आणि सेक या आडनावांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. ओळख असो नसो, भेटले की एकमेकांना खादाड म्हणून टोमणे मारायचे आणि कुणी रागवायचं नाही.

"सेकची पोर होय तू? मग भात लपवायला हवा," न्देला पहिल्याच दिवशी म्हणाली.

"लपवा, याय. गेय लोकांच्या हातचा भात कुणाला न दिसलेलाच बरा," सोखना म्हणाली. वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे याय म्हणतात, म्हणजे आई.

गोळ्यांनी आवाज शमले. पण माम्बाय भिंतीकडे तोंड करून बसू लागला. बोलणं नाही, हसणं नाही. त्याच्या एका शब्दासाठी न्देलाचा जीव कासावीस होई. दर आठवड्याला लिंबाखाली रुग्ण, घरचे आणि डॉक्टर अशा सगळ्यांची बैठक भरते, तिथे तिने विचारलंच. "आवाज गेले, पण माझा पोरगा कुठे गेला?"

"मेंदूत निरोप नेणारे असतात, याय," सोखना म्हणाली. "या गोळ्या डोपामाइन नावाच्या एका निरोप्याला आवरतात. दुसरा आहे ग्लुटामेट. तो निरोप घेऊन येतो, पण पुढचं दार नीट उघडत नसावं, असं आम्हाला वाटतं. त्या दारावरचं औषध शोधतायत. बरीच करून पाहिली, अजून खात्रीचं हाती लागलेलं नाही."

न्देलाने त्यातलं ग्लुटामेट तेवढं धरून ठेवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला मसाल्याच्या वडीचा कागद वाचून दाखवला, तर त्यावरही तेच नाव! त्या वडीशिवाय आमच्याकडे स्वयंपाकच होत नाही. न्देला हरखून गेली. "ही सेकची पोर जगभर शोधत बसलीय आणि औषध माझ्या टोपलीत." दुसऱ्या दिवसापासून भातात मूठमूठभर वड्या पडू लागल्या आणि गोळ्या तिच्या कमरेच्या कापडाच्या गाठीत जाऊ लागल्या.

माझी तर आग आग होई. पण परातीला कुठे ओरडता येतं? माम्बाय पुन्हा भिंतीशी कुजबुजू लागला.

एका दुपारी सोखना जवळून चालली होती. जेवायला बोलावलं की नाही म्हणायचं नसतं. ती बसली, एक घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"याय, अख्खा समुद्र आटवून घातलात की काय?"

"गप खा. तुझ्या पुस्तकात नसलेलं औषध आहे ते," न्देला म्हणाली आणि मोठ्या ऐटीत तिने गाठ सोडून गोळ्या दाखवल्या.

सोखनाने चमचा खाली ठेवला. "याय, वस्तू तीच आहे. पण मेंदूच्या वेशीवर पहारा असतो, भातातलं ग्लुटामेट तिथे शिरत नाही. मेंदू आपल्यापुरतं स्वतःच बनवतो. त्याची तूट नाही, दाराची अडचण आहे."

"म्हणजे मीच त्याला पुन्हा त्या आवाजांच्या तावडीत दिलं," न्देला म्हणाली.

"गोळ्या आजपासून परत सुरू करू."

"आणि मी काय करू?"

"मीठ बेताचं घालून भात करा. आणि त्याची जागा ठेवा."

न्देलाने जागा ठेवली. कितीतरी दुपारी तो भात न शिवलेलाच उरला. आवाज हळूहळू ओसरले. मग एकदा माम्बाय आपणहून उठला आणि चटईवर येऊन बसला. त्या दिवशी सोखनाही माझ्याभोवती बसली होती. न्देलाने त्याचा चमचा त्याच्यापुढे ठेवला. माम्बायने मासळीचा सगळ्यांत मोठा तुकडा मोडला, सोखनापुढे सरकवला आणि खाली बघतच म्हणाला, "हिला आधी वाढ, याय. सेक आहे. नाहीतर परातसुद्धा खाईल."

न्देला हसली आणि हसता हसता रडली. मला मात्र जन्मात पहिल्यांदा माझ्या काठांची काळजी वाटली, आणि ती काळजी फार गोड होती.

मित्रांनो, माम्बाय अजून रोज येत नाही. तुमच्या घरी कुणाचं मन असं आजारी पडलं, तर त्याचं औषध आपल्या मनाने बंद करू नका. आणि जेवायला बसताना थोडं सरकून बसा, म्हणजे तो आला तर त्याला जागा मागावी लागणार नाही.