जादा रक्कम परत

माझ्या अंगावर तीनच शब्द कोरलेले आहेत आणि तेही उलटे. कागदावर उमटल्यावरच ते सुलटे होतात: ‘जादा रक्कम परत’. मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडी मूठ, तिच्याखाली बोटभर रुंद रबर, एवढाच माझा देह. आज माझ्या मुठीचा रंग उडाला आहे आणि ‘परत’मधल्या ‘त’चा पाय झिजला आहे. तरी मी तुम्हाला माझी हकिगत सांगणार आहे, कारण ती फक्त माझी नाही.

माझा जन्म शिक्के बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात झाला. डोळ्याला भिंग लावून तो माझं एकेक अक्षर कोरत होता. समोरच्या स्टुलावर बसून जी तरुण बाई वाट पाहत होती, ती काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात पगाराच्या हिशेबाला नुकतीच लागली होती. तिथे सगळे तिला ताई म्हणत. कारागिराने विचारलं, एवढे कसले पैसे परत करता बुवा तुम्ही? लोक तर दिलेले परत मागतात. ताई हसल्या. त्या वेळी त्यांना हसायला फार काही लागत नसे.

कसले पैसे, ते तुम्हालाही सांगायला हवं. कारखान्यात म्हातारपणासाठी एक फंड होता. ज्याने त्याने आपल्या पगारातले काही टक्के त्यात ठेवायचे आणि त्यावर कारखान्याने निम्मी भर घालायची. नोकरी संपली की त्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कम मिळे. माणूस गेलाच, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्याला ती जन्मभर मिळे आणि दुसऱ्या कुणालाही तिला हात लावता येत नसे. मात्र एक नियम होता. मोठ्या पगाराच्या माणसांनी साध्या कामगारांच्या फार पुढे पळायचं नाही. कामगार सरासरी दोन टक्के ठेवत असतील, तर मोठ्यांनी चारपर्यंतच ठेवायचे, म्हणजे दोनच पावलं पुढे. वर्ष संपल्यावर ताई सरासरी काढत. मोठ्यांपैकी ज्याचे जास्त झाले असतील, त्याची वरची रक्कम कर कापून पाकिटात घालून परत दिली जाई. कारखान्याची त्यावरची भरही निघून जाई. त्या पाकिटावर मी उमटे.

नियम चांगला होता, मित्रांनो. हे मी आजही म्हणतो. तो नसता, तर मोठ्यांनी फंडाचं सगळं तूप आपल्याच पोळीवर ओढलं असतं आणि खालच्यांकडे कुणी पाहिलंही नसतं. त्यामुळे मला माझ्या कामाचा अभिमान वाटे. वर्षातून एकदाच मी कपाटातून बाहेर येई, जांभळ्या शाईच्या गादीवर टेकून थपाथप अकरा-बारा पाकिटांवर उमटे आणि पुन्हा वर्षभर झोपी जाई. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने तर माझ्या ठशाकडे बोट दाखवून म्हटलं होतं, की असा स्वच्छ शिक्का हल्ली कुठे पाहायला मिळत नाही. त्या दिवशी मी इतका फुगलो, की शाईच्या गादीत मावेनासा झालो.

पाकीट घ्यायला साहेब लोक एकेक करून खिडकीशी येत. कुणी कुरकुरे, कुणी ताईंनाच दोन शब्द ऐकवून जाई, जणू नियम त्यांनी माहेरून आणला होता. एक साहेब मात्र काही बोलत नसत. भट्टीवरचे मुख्य इंजिनिअर. सगळे त्यांना भट्टीसाहेब म्हणत. साधा कामगार म्हणून लागून ते चढत चढत वर गेले होते. त्यांच्या हातांवर भाजल्याच्या खुणा होत्या आणि पाकीट घेताना ते हात किंचित थांबत.

दर वर्षी ते दहा टक्के ठेवत आणि दर वर्षी त्यातले सहा परत येत. एका वर्षी ताईंना राहवलं नाही. त्यांनी विचारलंच, साहेब, परतच येणार हे ठाऊक असून तुम्ही दर वेळी एवढे का ठेवता?

भट्टीसाहेब खिडकीला टेकले आणि पहिल्यांदाच घरचं बोलले. त्यांना एकच लेक. एकतीस वर्षांची, पण समज पाच वर्षांच्या पोरीएवढी. नाव काहीही असो, घरात ती छबी. आई तिची आजारपणात गेली. त्या आजारपणानेच साहेबांची पहिली वीस वर्षं खाल्ली, फंडात एक पैसा टाकता आला नाही. आता पगार मोठा झाला होता, पण वर्षं थोडी उरली होती. त्यांनी छबीसाठी एक आश्रम पाहून ठेवला होता. तिथे रस्त्याकडे तोंड करून एक छोटी खोली होती. खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्या बस दिसत. छबीला बस फार आवडतात.

“माझ्यामागे तिला ती खिडकी मिळावी, एवढंच आहे,” ते म्हणाले. “हातात आलेला पैसा टिकत नाही हो ताई. कुणी ना कुणी मागायला येतंच. फंडातला तेवढा तिचा राहील.”

ताईंनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, “साहेब, तुमची मर्यादा माझ्या हातात नाही. खालच्या कामगारांच्या हातात आहे. ते जेवढे ठेवतील, तेवढी तुमची वर जाईल.”

दुसऱ्या दिवसापासून भट्टीसाहेब जेवणाच्या सुट्टीत आपला डबा घेऊन पॅकिंगच्या शेडमध्ये जाऊ लागले. तिथे सत्तर-ऐंशी बायामाणसं बाटल्या पुठ्ठ्यात भरत. त्यांच्यातली सर्वांत जुनी एक मावशी होती. तिचा शब्द शेडमध्ये कायद्यासारखा चाले. साहेबांनी आढेवेढे न घेता सांगितलं, की यात माझा स्वार्थ आहे. मग छबीचं सांगितलं.

मावशी म्हणाली, “म्हणजे तुमच्या पोरीसाठी आम्ही पोटाला चिमटा घ्यायचा?”

“नाही. घेतलात तर तुमच्या स्वतःसाठी घ्या. माझं आपोआप होईल.”

हे सगळं ताई नंतर टेबलाशी बसून कारखान्याच्या मोठ्या साहेबांना सांगत होत्या, म्हणून माझ्या कानावर आलं. भट्टीसाहेब शेडमध्ये पाटीवर खडूने आकडे मांडत आणि समजावत. एक टक्का म्हणजे दिवसाचा एक चहा. कारखाना त्यावर अर्धा चहा फुकट देतो, तो तुम्ही दर महिन्याला सांडून देता. लोक हसत आणि हसता हसता अर्ज भरत. आधी मावशीने भरला, मग तिच्या मागे रांग लागली. स्वार्थ साधायला गेलेला माणूस बघता बघता परमार्थात पडला. कुणाची सून आजारी आहे, कुणाचा नवरा पगार पितो, सगळं त्यांना तोंडपाठ झालं. कामगारांची सरासरी दोनाची तीन झाली, तिनाची पाच, पाचाची सात. साहेबांनी आपले दहाचे नऊ केले, मर्यादेला नेमके.

आणि मी? मी दोन वर्षं कपाटातून बाहेरच आलो नाही. परत द्यायला काही नव्हतंच. शाईची गादी वाळली. धुळीने माझी अक्षरं भरली. शिक्क्याला यापेक्षा मोठी उपेक्षा नाही, पण खरं सांगतो, त्या दोन वर्षांइतकी शांत झोप मला कधी लागली नाही. दुसऱ्या वर्षी सरासरी काढून झाल्यावर ताईंनी कपाट उघडलं, मला बघितलं आणि “तू झोप” म्हणून पुन्हा बंद केलं.

मग दिवस फिरले. औषधवाल्यांना काचेपेक्षा प्लास्टिक स्वस्त पडू लागलं. दोन भट्ट्यांपैकी एक विझवली. पॅकिंगच्या लोकांना आठवड्यातून तीनच दिवस काम उरलं. अर्ध्या पगारात फंड कोण भरणार? खिडकीशी पुन्हा रांग लागली, या वेळी फंड बंद करण्याच्या अर्जांची.

मावशी सर्वांत शेवटी आली. खिडकीशी भट्टीसाहेब उभे होते. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचे अर्ज ते स्वतः भरून देत होते. आपलीच मर्यादा ते आपल्याच हाताने खाली आणत होते, एकेका अर्जाने. ताईंना ते बघवेना. त्या रजिस्टरात डोकं घालून बसल्या.

“साहेब, माझंही बंद करते,” मावशी म्हणाली. “नातीची शाळा सोडवून तिला घरी बसवू शकत नाही. पण तुमच्या पोरीच्या तोंडचा घास काढल्यासारखं होतंय.”

“मावशी, तुमच्या जागी मीही हेच केलं असतं. अंगठा इथे करा.”

त्यांनी तिचा अंगठा धरून अंगठ्यांच्या गादीवर टेकवला. मग स्वतःच्या रुमालाने तिचं बोट पुसलं.

त्या वर्षी साहेबांनी मात्र आपले नऊ टक्के कमी केले नाहीत. वर्ष संपेपर्यंत काम परत येईल, सरासरी सावरेल, असं त्यांना वाटत असावं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. वर्षाच्या अकराव्या महिन्यात एका सकाळी कामावर यायला बूट घालता घालता ते खाली बसले आणि पुन्हा उठलेच नाहीत. छबीने त्यांचा दुसरा बूट त्यांच्या पायात घातला, नाड्या बांधायचा प्रयत्न केला आणि शेजारी बसून राहिली. दुपारी शेजारच्या बाईने दार ढकललं, तेव्हा कळलं.

वर्ष सरलं. ताईंनी सरासरी काढली. एक टक्का. म्हणजे मोठ्यांना तीन. साहेबांचे सहा टक्के जादा. ताईंनी तीन वेळा मोजलं. मग त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, की माणूसच गेला आहे, आता हे एक पाकीट राहू द्यावं. मोठे साहेब काही दगड नव्हते. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं, की एक पाकीट राहिलं तरी सबंध फंड नियमाबाहेर जातो. मग कामगारांच्या बचतीवरही कर बसेल, मावशीच्याही.

ताई परत आल्या. गादीवर शाई ओतली. मला उचललं. साहेबांच्या पाकिटावर टेकवलं. माझा ठसा वाकडा उमटला. आयुष्यात पहिल्यांदाच.

पाकीट घ्यायला साहेबांचे धाकटे भाऊ आले. आता छबीचे पालक तेच होते. बरोबर छबीही होती. दोन वेण्या, बापाच्या मापाचा स्वेटर. काका सह्या करत होते, तोवर ती टेबलाशी आली. जांभळी शाई तिला आवडली असावी. कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने मला उचललं, गादीवर टेकवलं आणि आपल्या तळहातावर दाबलं. मग खुशीत येऊन हात ताईंपुढे धरला.

ताईंनी वाचलं. त्या गोऱ्या तळव्यावर लिहिलं होतं: जादा रक्कम परत.

त्यांनी रुमाल पाण्यात भिजवला आणि तो हात पुसायला सुरुवात केली. शाई पक्की होती. त्या पुसत राहिल्या. छबीला वाटलं हा खेळ आहे. ती हसत होती. शेवटी काकाच म्हणाले, “राहू द्या हो ताई, जाईल आपोआप.” ताईंनी रुमाल तोंडाला लावला आणि त्या भिंतीकडे वळल्या.

छबी मला सोडायला तयार होईना. काका ओशाळले, तिच्या हातातून ओढू लागले. ताईंनी त्यांना थांबवलं. कारखाना तीन महिन्यांत बंद होणार होता, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. त्यांनी ओल्या बोळ्याने घासून माझं एकेक अक्षर साफ केलं, शाईचा कणही ठेवला नाही, आणि मला छबीच्या हातात दिलं.

काका वाईट माणूस नव्हते. त्यांचंही घर गळत होतं, बायको अंथरुणाला खिळलेली होती. पाकिटातले पैसे चार महिने पुरले. मग त्यांनी छबीला आश्रमात आणून सोडलं, त्याच आश्रमात. जाताना ते दारामागे उभे राहून रडले, हे मी पाहिलं आहे. फंडात जे उरलं होतं, त्यातून दर महिन्याला रक्कम येते. ती खोलीला पुरत नाही. छबीला बारा खाटांच्या दालनात भिंतीकडची खाट मिळाली. तिथली खिडकी उंचावर आहे. तिच्यातून फक्त आभाळ दिसतं. बस जाताना ऐकू येतात. मग ती मान वर करते.

मी तिच्या उशीखाली असतो. महिन्यातून एकदा ताई येतात. मावशीही एकदा आली होती, नातीला घेऊन. तिने छबीचे केस विंचरले आणि ती गेली. ताईंना छबी दर वेळी एकच विचारते, बाबा कधी येणार? ज्या बाईने आयुष्यात कधी आकडा चुकीचा लिहिला नाही, ती म्हणते, “पाच वाजता.” बाबा कामावरून पाचलाच घरी येत. मग छबी मला मुठीत धरून दालनाच्या दाराशी जाऊन बसते. ताई दर वेळी पावणेपाचला निघतात. त्यांना तिथे थांबवत नाही.

मित्रांनो, ही हकिगत सांगून मला नियमाला शिव्या घालायच्या नाहीत, कुणाला दोषही द्यायचा नाही. मी रबराचा तुकडा, माझ्याने फक्त उमटणं होतं. ज्यांना हात आहेत, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. आमच्या आश्रमाचं दार दिवसभर उघडं असतं. कधी या बाजूने गेलात, तर पाच वाजता आत या आणि थोडा वेळ तिच्याजवळ बसा. काही बोलायला नको. नुसतं दिवे लागेपर्यंत.